कंपवाताचे संशोधन आणि मेंदूचे प्रतिमांकन

पेला उचलणे, उंबरठा ओलांडणे किंवा स्वाक्षरी करणे या साध्या वाटणाऱ्या क्रियांसाठी मेंदूतील अनेक केंद्रांत सुसूत्रता असावी लागते. ती बिघडल्यास हालचालींचे विकार उद्भवतात. कंपवात अर्थात पार्किन्सन रोग हा त्यांपैकी एक प्रमुख विकार होय. लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये त्याचे वर्णन केले. हातापायांचा कंप, स्नायूंचा ताठरपणा व हालचालींतील मंदपणा ही त्याची ठळक लक्षणे आहेत. मात्र त्यानंतर दीडशे वर्षांहून अधिक काळ रोग्याच्या जिवंत मेंदूतील बिघाड पाहण्याचे साधन उपलब्ध नव्हते. ही उणीव दूर करणाऱ्या संशोधकांत मेंदूविकारतज्ज्ञ डोनाल्ड काल्न यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

औषधांकडून प्रतिमांकडे

मध्यमेंदूतील सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातील चेतापेशी डोपामिन हे रसायन तयार करून स्ट्रायटम या भागास पुरवितात. कंपवातात या पेशी नष्ट होत जातात. स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी मेंदूतील डोपामिनचे महत्त्व १९५७ पासूनच्या प्रयोगांतून दाखवून दिले. २००० च्या नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यांत त्यांचा समावेश होता. डोपामिन रक्तातून मेंदूत प्रवेश करू शकत नाही. त्याचे पूर्वद्रव्य असलेले लेव्होडोपा मात्र करू शकते. हेच द्रव्य दामोदरन व रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी १९३७ मध्ये खाजकुयलीच्या बियांतून वेगळे केले होते, ही बाब उल्लेखनीय आहे.

ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकाअखेरीस झालेल्या लेव्होडोपाच्या प्रारंभीच्या चाचण्यांत काल्न यांचा सहभाग होता. दीर्घकाळ वापरानंतर या औषधाचा परिणाम अनियमित होतो व अनैच्छिक हालचाली सुरू होतात. म्हणून डोपामिनच्या ग्राहींना थेट उत्तेजित करणाऱ्या ब्रोमोक्रिप्टिनचा वापर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये कंपवातासाठी केला. पुढे अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये कार्य करून १९८१ मध्ये ते कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे व्हँकुव्हरमधील ट्रायम्फ या कणत्वरक केंद्राच्या सान्निध्यामुळे प्रतिमांकनास आवश्यक किरणोत्सारी द्रव्ये उपलब्ध होती.

पेट तंत्राचे कार्य

सीटी व एमआरआय या तंत्रांतून प्रामुख्याने मेंदूची रचना दिसते, आणि कंपवातात ती बहुधा सर्वसाधारण आढळते. पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी म्हणजेच पेट या तंत्रातून मेंदूचे रासायनिक कार्य दिसते. फ्लोरिन-१८ जोडलेले फ्लोरोडोपा शिरेतून दिले जाते. डोपामिन तयार करणारी चेताटोके ते साठवितात. बाहेर पडलेला पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनशी संयोग पावून दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना जातात व त्यांवरून प्रतिमा तयार होते. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे असल्याने सायक्लोट्रॉन फार दूर असून चालत नाही. कॅनडातीलच हॅमिल्टन येथील गार्नेट, फिर्नाउ व नाहमियास यांनी १९८३ मध्ये या पद्धतीने जिवंत मानवी मेंदूतील डोपामिनचे दर्शन घडविले.

लक्षणांपूर्वीचा रोग

कॅलिफोर्नियात १९८२ मध्ये अमली पदार्थ घेणाऱ्या काही तरुणांना अकस्मात कंपवातासारखी लक्षणे जडली. त्या पदार्थातील एमपीटीपी हे विषारी द्रव्य त्यास कारणीभूत असल्याचे लँगस्टन व सहकाऱ्यांनी सिद्ध केले. हेच द्रव्य शरीरात जाऊनही निरोगी दिसणाऱ्या काही व्यक्तींची काल्न, लँगस्टन व सहकाऱ्यांनी पेट तपासणी केली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्याही डोपामिन यंत्रणेची हानी झालेली होती. म्हणजेच बाह्य लक्षणे नसली तरी आत ऱ्हास असू शकतो. उर्वरित पेशी काही काळ उणीव भरून काढतात. ही क्षमता संपल्यावरच कंप दिसू लागतो.

काल्न यांचा सहभाग असलेल्या २००१ च्या अभ्यासाने आणखी एक बाब उघड केली. औषध म्हणून निष्क्रिय द्रव्य दिले असतानाही, गुण येईल या अपेक्षेने रुग्णांच्या मेंदूत डोपामिन स्रवत असल्याचे पेट प्रतिमांत आढळले. कंपवातावरील नव्या औषधाची निष्क्रिय द्रव्याशी तुलना का अनिवार्य आहे, हे त्यावरून स्पष्ट होते.

भारतीय संदर्भ

भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये कार्यान्वित झाले. पुढे पेट सुविधा इतर मोठ्या शहरांतही पोहोचली. तथापि ती खर्चिक असून कर्करोगाच्या तपासणीसाठी तिचा वापर अधिक होतो. त्यामुळे कंपवाताचे निदान आजही मुख्यत्वे डॉक्टरांच्या प्रत्यक्ष तपासणीवर अवलंबून आहे. लेव्होडोपा व कार्बिडोपा हे संयुक्त औषध अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीत समाविष्ट आहे.

लेव्होडोपा लक्षणे कमी करते, पण पेशींचा ऱ्हास थांबवीत नाही. तो निश्चितपणे थांबविणारे औषध अद्याप सिद्ध झालेले नाही. असे औषध सापडल्यास ते पेशी शिल्लक असतानाच देणे इष्ट ठरेल. म्हणूनच लक्षणांपूर्वी रोग ओळखण्याची क्षमता ही या संशोधनाची मोलाची देणगी आहे. मात्र तिचा पूर्ण लाभ रुग्णास मिळण्यासाठी औषधशास्त्राला आणखी एक टप्पा गाठावा लागणार आहे.