टू-स्ट्रोक एंजिनातील ठोका

१९६५ साली सॅमी मिलर यांनी स्कॉटलंडमधील सहा दिवसांची ट्रायल्स स्पर्धा ‘बुल्टाको’ या स्पॅनिश मोटारसायकलवर जिंकली. या स्पर्धेत वेगाला महत्त्व नसते. पाय न टेकता खडकांवरून चढावयाचे असते. अशा जुन्या गाडीचे एंजिन चढावर खणखणू लागले असता तिकडे दुर्लक्ष करणे म्हणजे दट्ट्याला भोक पडण्याची वाट पाहणे होय.

ठिणगीने पेटलेली ज्योत कडेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच तेथील दाबलेले, तापलेले मिश्रण एकाएकी आपोआप पेटते, हाच ठोका. सैल दट्ट्याची खडखड निराळी. ती एंजिन तापल्यावर कमी होते. ठोका मात्र तापल्यावरच, भार पडताच ऐकू येतो.

पुष्कळ जण पेट्रोलला दोष देतात. कमी ऑक्टेनचे इंधन कारण असू शकते खरे. परंतु जुन्या गाडीत प्रथम क्रँकच्या दोन्ही बाजूंची रबरी सीले तपासावीत. ती कडक होऊन झिजली की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि ज्वलनकक्ष भलताच तापतो. अशा वेळी पेट्रोलमध्ये जादा तेल ओतण्याची सवय घातकच, कारण तेल वाढले तेवढे पेट्रोल घटते.

नंतर सिलिंडरच्या डोक्यातील काजळी खरवडावी. ठिणगी वेळेआधी पडत असल्यास, दट्ट्या शिखरापासून किती मिलिमीटर खाली असताना ती पडावी याचा कारखान्याने दिलेला आकडा पाहून वेळ जुळवावी. एवढ्यानेही ठोका राहिला तरच कार्ब्युरेटरची सुई एक खाच वर उचलावी.