सेवानिवृत्त लष्करी विमानांचे हस्तांतरण : धोरण आणि जतनाचा प्रश्न

प्रस्तावना : सैन्यदलाने सेवेतून काढलेली विमाने व नौका ही जनतेच्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता होय. पुनर्वापर, भंगार म्हणून लिलाव आणि प्रदर्शनासाठी हस्तांतरण हे तिच्या विल्हेवाटीचे प्रमुख मार्ग आहेत. हस्तांतरणाचे यश भावनेवर नव्हे, तर पुढील देखभालीचा भार कोण उचलणार यावर अवलंबून असते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पुनर्वापराचे उदाहरण : दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी बी-24 लिबरेटर ही अमेरिकी बनावटीची बॉम्बफेकी विमाने कानपूर येथे निकामी करून टाकून दिली. 1948 पासून बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीने त्यांपैकी अनेक विमाने दुरुस्त केली. भारतीय वायुसेनेने ती 1968 पर्यंत वापरली. पुढे त्यांतील काही विमाने ब्रिटन, कॅनडा व अमेरिका येथील संग्रहालयांत पोहोचली.

'विक्रांत' आणि तिची विमाने : 1961 मध्ये नौदलात दाखल झालेली विमानवाहू नौका 'विक्रांत' 31 जानेवारी 1997 रोजी निवृत्त झाली. 2001 पासून मुंबईत ती तरंगते संग्रहालय म्हणून खुली होती. मात्र सुरक्षिततेच्या कारणास्तव 2012 मध्ये ते बंद झाले. संग्रहालय चालविणे आर्थिकदृष्ट्या परवडणारे नसल्याची भूमिका राज्य शासनाने घेतली. लिलावात नौका सुमारे 60 कोटी रुपयांना विकली गेली. जनहित याचिका फेटाळली गेल्यानंतर आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2014 मध्ये मार्ग मोकळा केल्यानंतर ती तोडण्यात आली. याउलट, 1971 च्या युद्धात तिच्यावरून उड्डाण केलेल्या सी हॉक व अलिझे या प्रकारांची विमाने गोव्यात दाबोळीजवळील नौदलाच्या विमान संग्रहालयात पाहावयास मिळतात. 1998 मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहालयाची जबाबदारी नौदलाकडेच आहे. एकाच वारशाच्या दोन भागांची गती अशी भिन्न झाली.

निष्कर्ष : 26 सप्टेंबर 2025 रोजी मिग-21 विमाने निवृत्त झाली. अशी विमाने मागणाऱ्या महाविद्यालयांनी व नगरपालिकांनी या अनुभवाचा विचार करणे इष्ट ठरेल. उघड्यावर ठेवलेले विमान ऊन-पावसाने झिजते. म्हणून हस्तांतरणाच्या करारातच निवारा, नियमित तपासणी, वार्षिक खर्चाची तरतूद आणि संस्थेस भार न पेलल्यास विमान परत करण्याची अट नमूद असावी. अन्यथा हस्तांतरण म्हणजे केवळ लांबणीवर टाकलेला लिलावच ठरतो.