निळा राहिला तर पास

सकाळी ७:००
इचलकरंजीतलं प्रोसेस हाउस. रात्रपाळीवाला सही करून गेला. दिवसपाळीचे ऑपरेटर मामा कापड वाळवणाऱ्या स्टेंटर मशीनभोवती एक फेरी मारतात. बारा तासांची पाळी, हजेरी आठशे रुपये. हेल्परला पाचशे. आजचा लॉट दवाखान्याच्या चादरींचा, ६,००० मीटर सुती कापड. त्यावर जंतू मारणारं फिनिश चढवायचंय.

७:२०
आधी कापडाची परीक्षा. मामा त्यावर पाण्याचा थेंब सोडतात. लगेच जिरला, ठीक. मग ओल्या जागी पीएच पेपर. धुलाईतला साबण मागे राहिला असेल तर सगळा खर्च पाण्यात. फिनिशवर धनभार, साबणावर ऋणभार. दोन्ही भेटले की टाकीत फुटलेल्या दुधासारख्या गाठी.

८:००
टाकीत ५०० लिटर पाणी. ॲसेटिक ॲसिड घालून पीएच साडेचारच्या आसपास. मग ढवळणी चालू ठेवून दहा किलो रसायन, बारीक धारेनं. एवढ्याचं बिल मामांच्या आठवड्याच्या हजेरीच्या वर जातं. यातून मिथेनॉल सुटतं, म्हणून टाकीवरचा पंखा बंद करायचा नाही. हेल्पर हातमोजे टाळतो, हाताला घाम येतो म्हणून.
‘‘घाल की. कातडं निघंल.’’
घालतो.

रसायनाचं नाव सिलेन क्वाट. एका टोकाला सिलिकॉन. गरम झालं की ते कापडाला धरतं, शेजाऱ्यालाही जोडून घेतं आणि पॉलिमरचा पातळ थर बनतो. दुसऱ्या टोकाला धनभाराचा नायट्रोजन आणि १८ कार्बनची साखळी. जंतूच्या अंगावर ऋणभार. तो ओढला जातो, त्याचं आवरण फाटतं, आतलं बाहेर गळतं. औषध कापडातून सुटून कुठं जात नाही. जो टेकला तोच मरतो. डाऊ कॉर्निंगच्या संशोधकांनी हे १९७२ मध्येच छापलं होतं.

८:५०
पॅडर. कापड ट्रफमध्ये बुडतं, दोन रोलरांमधून पिळून निघतं. किती पिळायचं यातच ऑपरेटरची कमाई. मामा डावीउजवीकडचे तुकडे कापून काट्यावर टाकतात. १०० ग्रॅम कोरं कापड डावीकडं १७६ भरतं, उजवीकडं १६५. हवं १७०. डाव्या बाजूचा दाब थोडा वाढवतात, उजवीकडचा उतरवतात. पुन्हा कापणं, पुन्हा वजन. १७०, १७१.
‘‘सोड आता.’’
मिनिटाला ३० मीटर. स्टेंटरच्या शेवटच्या चेंबरांत १५० अंश.

१०:४०
पहिली टाकी संपत आली, दुसरी तयार आहे. दहा रुपयांचा चहा, उभ्यानंच. एका जोडापाशी किनार पिनांतून निसटते. मामा कप पत्र्यावर ठेवतात आणि धावतात.

१२:४५
लॉट संपला. आता ब्रोमोफिनॉल ब्लू. सुरुवातीचा, मधला, शेवटचा असे तुकडे निळ्या पाण्यात हलवायचे आणि नळाखाली धुवायचे. फिनिश बसलं असेल तिथं निळा धरून राहतो. मधले, शेवटचे गडद. सुरुवातीचा उजव्या किनारीला फिका. पुढं चाळीस मीटरवरचा तुकडा घेतात, तो सारखा निळा. एवढं कापड बाजूला काढतात. सुपरवायझर तोंड वाकडं करतो, पण वहीत लिहितो.

दुपारी २:००
डबा झाला. एक तुकडा सीलबंद पिशवीत लॅबला जातो. तिथं मोजलेले जंतू त्यावर सोडतील, २४ तासांनी किती उरले ते बघतील. निळा रंग फक्त रसायन आहे एवढंच सांगतो, जंतू मेले का ते नाही. विकणारे हा फरक सांगत नाहीत. आणखी एक राहून जातं. चादरीवर रक्त वाळलं, मळ बसला की वरचा जंतू कापडाला टेकतच नाही. म्हणजे ही चादरही धुवायचीच, आणि लाँड्रीतला साबण बहुतेक ऋणभाराचाच.

४:३०
पुढचा लॉट पांढऱ्या शर्टिंगचा, त्यात सफेदीचं रसायन. तेही ऋणभाराचं. म्हणून ट्रफ, रोलर, पाइप दोनदा धुवायचे. हेल्पर एकदा धुऊन नळ बंद करतो. मामा पांढरं फडकं ट्रफच्या कोपऱ्यात फिरवून निळ्या पाण्यात घालतात, धुतात. अजून निळं.
‘‘परत.’’
शर्टिंग सातच्या आत चालू व्हायला हवं, नाहीतर त्याचे मीटर रात्रपाळीच्या नावावर जातील.