बोलणारी खेळणी आणि अबोल घर

बाप्तिस्म्याच्या समारंभात तान्ह्या बाळाला सोन्याची साखळी, चांदीचे वाळे किंवा पाकिटातून रोख रक्कम देण्याची आपल्याकडील रीत अद्याप टिकून आहे. मात्र गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्या भेटवस्तूंच्या ढिगात एका नव्या वस्तूची भर पडली आहे. बटण दाबताच गाणारे, अक्षरे म्हणून दाखविणारे, लाल-निळे दिवे लुकलुकविणारे, बॅटरीवर चालणारे खेळणे! कधी ते आखातातील वा अमेरिकेतील आप्तांकडून येते, तर हल्ली घरबसल्या मागविताही येते. ‘बाळाच्या बुद्धीचा विकास’ असे आश्वासन खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेले असते. ते वाचून खेळणे घेणाऱ्या पालकांच्या मनात हौस तर असतेच, पण आपले मूल इतरांच्या मागे पडेल की काय, अशी एक सुप्त भीतीही असते. या खेळण्यांमुळे मूल खरोखर शिकते काय, याविषयी आता बऱ्यापैकी संशोधन झालेले आहे. ते पालकवर्गापुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पालकांचे अनुभव बहुतेक घरांत सारखेच असतात. पहिले काही दिवस नवलाईचे. मूल एकच बटण शंभर वेळा दाबते आणि तेच एक इंग्रजी गाणे शंभर वेळा घरात घुमते. आठवडाभरात एखादे आजोबा हळूच बॅटरी काढून ठेवतात आणि ‘खेळणं बिघडलं बाळा’ असे सांगून मोकळे होतात. कित्येकदा मूल खेळणे बाजूला सारून त्याच्या रिकाम्या खोक्यातच जाऊन बसते. याउलट काही पालक समाधानाने सांगतात की, या खेळण्यामुळे बाळाला गाय, कुत्रा ओळखता येऊ लागला, ‘ए बी सी डी’ पाठ झाली. शिवाय आईला कुकर लावायला पंधरा मिनिटे मिळतात. हा शेवटचा फायदा क्षुल्लक मानू नये. दिवसभर एकटीने बाळ सांभाळणाऱ्या मातेला त्या पंधरा मिनिटांचे मोल विचारावे.

परंतु मूल काय शिकले, याचा निवाडा करताना पालकांचा अनुभव फसवा ठरू शकतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठातील ज्युडी डिलोच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली बारा ते अठरा महिन्यांच्या बालकांचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. शब्द शिकविणारी एक लोकप्रिय चित्रफीत काही बालकांना महिनाभर दाखविण्यात आली. दुसऱ्या गटातील पालकांना चित्रफीत न देता तेच शब्द रोजच्या व्यवहारात आपल्या पद्धतीने शिकविण्यास सांगितले. सर्वाधिक शब्द शिकली ती या दुसऱ्या गटातील मुले. चित्रफीत पाहणारी मुले मात्र, ती न पाहणाऱ्या व काहीही मुद्दाम न शिकविलेल्या मुलांपेक्षा विशेष पुढे गेली नव्हती. गंमत अशी की, ज्या पालकांना ती चित्रफीत फार आवडली होती, त्यांना आपले मूल त्यातून पुष्कळ शिकले असे प्रामाणिकपणे वाटत होते. या महिन्यात बाळाची नैसर्गिक वाढ तर होतच असते. श्रेय मात्र चित्रफितीला मिळते.

खेळण्यांविषयीचा सर्वांत बोलका अभ्यास ॲरिझोनातील ॲना सोसा या संशोधिकेने केला. तो डिसेंबर २०१५ मध्ये बालरोगशास्त्राच्या एका प्रतिष्ठित अमेरिकी नियतकालिकाद्वारे प्रकाशात आला. दहा ते सोळा महिन्यांची बालके आणि त्यांचे पालक अशा २६ जोड्या त्यात होत्या. प्रत्येक घरी तीन प्रकारची सामग्री देण्यात आली. पहिल्या प्रकारात बाळाचा लॅपटॉप, बोलणारे शेतघर आणि खोटा मोबाईल अशी इलेक्ट्रॉनिक खेळणी होती. दुसऱ्यात लाकडी कोडे, आकार जुळविण्याचा डबा व ठोकळे होते. तिसऱ्यात जाड पुठ्ठ्याची चित्रपुस्तके. पालकांनी आपल्याच घरी, आपल्या सवडीने बाळाशी खेळावयाचे आणि एका छोट्या यंत्राने सारे संभाषण ध्वनिमुद्रित करावयाचे, अशी योजना होती.

निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. चित्रपुस्तके हाती असताना पालक मिनिटाला सरासरी ६७ शब्द बोलले, साध्या खेळण्यांशी खेळताना ५६, आणि इलेक्ट्रॉनिक खेळणी समोर असताना केवळ ४०. संभाषणातील देवाणघेवाणही त्याच वेळी घटली. बाळाच्या हुंकाराला पालकांकडून मिळणारा प्रतिसाद कमी झाला आणि खुद्द बाळांनीही पुस्तकांच्या वेळेपेक्षा कमी आवाज काढले. हा अभ्यास लहान आहे व त्यातील कुटुंबे बहुतांशी सुशिक्षित होती, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही त्यात दिसलेली गोष्ट कोणत्याही घरी पडताळून पाहता येण्याजोगी आहे.

असे का व्हावे? खेळणे वाईट काही बोलते म्हणून नव्हे. ते बोलते, म्हणून आपण थांबतो. दोन माणसांच्या संभाषणात तिसरे कोणी बोलू लागले की सभ्य माणूस गप्प बसतो. यंत्राच्या बाबतीतही आपण नकळत तसेच वागतो. लाकडी गाय मुकी असते, म्हणून आईला ‘हम्मा’ करावे लागते. बोलणाऱ्या शेतघरातील गाय स्वतःच हंबरते, मग आईला करण्यासारखे काही उरत नाही. बाळाच्या भाषाशिक्षणाचा गाभा नेमका येथे आहे. बाळ एक हुंकार देते, आई त्याकडे पाहून त्याच सुरात उत्तर देते, बाळ पुन्हा हुंकारते. असे दिवसातून शेकडो वेळा घडते आणि त्यातून मेंदूतील भाषेची जडणघडण होते. खेळणे ही फेरी पूर्ण करू शकत नाही. बाळ हसले काय किंवा रडले काय, बटण दाबल्यावर ते ठरलेलेच बोलणार.

याचा पुरावा वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ सालच्या प्रयोगात सापडतो. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बालकांशी चिनी भाषक व्यक्ती बारा बैठकांत प्रत्यक्ष खेळल्या, बोलल्या. त्या बालकांना चिनी भाषेतील सूक्ष्म ध्वनिभेद ओळखता येऊ लागले. दुसऱ्या गटाला त्याच व्यक्ती, तेच बोलणे, परंतु पडद्यावर दाखविण्यात आले. आणखी एका गटाला केवळ ध्वनिफीत ऐकविली. या दोन्ही गटांच्या पदरी काहीच पडले नाही.

तरीही ‘बुद्धिवर्धक’ वस्तूंचा हा बाजार कसा फोफावला, त्याची कथा मनोरंजक आहे. १९९३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटासा प्रयोग प्रसिद्ध झाला. मोझार्टचे संगीत ऐकल्यावर ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची एका विशिष्ट चाचणीतील कामगिरी काही मिनिटांपुरती सुधारली, इतकेच त्यात म्हटले होते. तान्ह्या बाळांचा त्यात संबंधही नव्हता. पण १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बालकाला शास्त्रीय संगीताची तबकडी देण्याचा प्रस्ताव मांडला! त्याच सुमारास ‘बेबी आइन्स्टाइन’ या चित्रफिती बाजारात आल्या आणि २००१ साली डिस्ने कंपनीने तो व्यवसाय विकत घेतला. अशा चित्रफिती पाहणाऱ्या आठ ते सोळा महिन्यांच्या बालकांचा शब्दसंग्रह तुलनेने कमी आढळला, असे २००७ मध्ये संशोधकांनी मांडले. कंपनीने त्याला जोरदार आक्षेप घेतला व त्यावर पुढे बराच वाद झाला. अखेर ग्राहक-चळवळीच्या दबावानंतर २००९ साली कंपनीने चित्रफिती परत घेऊन पालकांना पैसे देण्याची तयारी दर्शविली.

आपल्या घरांच्या बाबतीत आणखी एक मुद्दा मला अधिक गंभीर वाटतो. ही खेळणी बहुधा अमेरिकी वळणाची इंग्रजी बोलतात. वसईच्या घरातील आजी कादोडी, वाडवळी किंवा कोळी बोलीत बाळाला खेळविते. तिच्यापाशी बडबडगीते आहेत, नाती आहेत, झाडापेडांची नावे आहेत. परंतु यंत्र इंग्रजी ‘शिकवीत’ असताना ‘आपल्याला कुठे येते इंग्रजी’ असे म्हणून ती मागे सरते. बाळाला इंग्रजीही धड मिळत नाही, कारण यंत्राशी संवाद होत नाही. आणि आजीची बोलीही मिळत नाही. शाळेत गेल्यावर इंग्रजी येईलच. आजीची बोली मात्र शाळेत कोणी शिकविणार नाही.

खेळण्यासाठी फार खर्च करावा लागतो असेही नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला व नंतर कोसबाडच्या टेकडीवर शिंपले, बिया, पाने आणि खडे यांच्या साहाय्याने बालशिक्षण उभे केले. पुण्याच्या अरविंद गुप्ता यांनी तर टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याचा ध्यासच घेतला. तान्ह्या बाळाला स्वयंपाकघरातील वाटी-चमचा आणि झाकणाचा डबा पुरतो.

सर्वच इलेक्ट्रॉनिक खेळणी टाकून द्यावीत, असे मात्र मी म्हणणार नाही. हाता-पायांच्या हालचालींवर मर्यादा असलेल्या मुलाला एका मोठ्या बटणाने खेळणे चालविता येणे, ही फार मोठी गोष्ट असते. इतरांनीही बाळाशेजारी बसून, आवाज कमी करून किंवा बंद ठेवून तेच खेळणे वापरावे. आवाजाची कळ नसेल तर ध्वनिक्षेपकावर चिकटपट्टी लावली तरी बराच फरक पडतो.

इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या खेळण्यांत बाळाचे नाव, जन्मतारीख, छायाचित्र भरण्यापूर्वी मात्र दोनदा विचार करावा. नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘व्हीटेक’ या हाँगकाँगच्या कंपनीच्या संगणकांत घुसखोरी होऊन जगभरातील सुमारे ४८ लाख पालकांची खाती आणि ६३ लाखांहून अधिक मुलांची माहिती उघडी पडली होती.

सर्वांत मोठा धोका मात्र नाण्यासारख्या चपट्या सेलचा आहे. बाळाने तो गिळला व तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांच्या आत आतून गंभीर भाजू शकते. ‘संपलेला’ सेलही घातक ठरू शकतो. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. ते पाहूनच खरेदी करावी आणि सेलचे झाकण स्क्रूने घट्ट बसलेले आहे ना, हे परदेशातून आलेल्या खेळण्यातही तपासावे. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वांती करविण्याच्या भरीस न पडता बाळाला थेट एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि शक्य असल्यास त्याच प्रकारचा दुसरा सेल किंवा त्याचे वेष्टन डॉक्टरांना दाखविण्यासाठी बरोबर घ्यावे.