किटल्या, खड्डे आणि मागचे शॉकअप

साताऱ्यात माझी मोटारसायकल ज्या गॅरेजात जाते, तिथल्या मिस्त्रींची एक सवय आहे. गिऱ्हाइकाची तक्रार ऐकण्याआधी ते गाडीच्या मागे जातात, सीटवर दोन्ही तळवे टेकवतात, अंगाचं वजन टाकून गाडी दाबतात आणि एकदम हात सोडतात. गाडी वर येते, जराशी खाली जाते, थांबते. तेवढ्यात निदान झालेलं असतं. 'बरे आहेत', नाहीतर 'गेले'.

त्या दिवशी माझ्या आधी परळी खोऱ्यातला एक दूधवाला आला होता. शंभर सीसीची गाडी, मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लोखंडी आकडे, आकड्यांना चाळीस-चाळीस लिटरच्या किटल्या. पहाटे शहरात येऊन रतीब घालायचा आणि नऊ-साडेनऊला रिकाम्या किटल्या खडखडवत परतायचं, हा रोजचा क्रम. सहा महिन्यांपूर्वी त्याने मूळच्या स्प्रिंगा काढून बाजारातल्या जाड स्प्रिंगा घातल्या होत्या, कारण भरल्या किटल्यांनी गाडी मागून बसायची आणि मडगार्ड चाकाला घासायचं. ते घासणं थांबलं. पण आता रिकामी परत येताना प्रत्येक खड्डा थेट कमरेत जातो आणि घाटाच्या वळणावर मागचं चाक उड्या मारतं, ही नवी तक्रार.

मिस्त्रींनी सीट दाबून सोडली. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर, पुन्हा खाली.

"स्प्रिंग नवी घातलीस, पर शॉकअप जुनंच हाय की."

"मामा, स्प्रिंग म्हंजे शॉकअपच न्हवं का?"

घोळ नेमका इथे आहे. आपण 'शॉकअप' म्हणतो त्यात दोन वेगळी यंत्रं एकाच जागी बसवलेली असतात आणि त्यांची कामं एकमेकांच्या उलट आहेत. बाहेरून दिसते ती स्प्रिंग. ती वजन पेलते आणि खड्ड्याने दिलेली ऊर्जा साठवून लगेच जवळपास जशीच्या तशी परत करते. आतल्या नळीत तेल असतं आणि तेलात बारीक भोकं असलेला दट्ट्या. गाडी वरखाली झाली की तेल त्या भोकांतून जबरदस्तीने ढकललं जातं आणि स्प्रिंगने परत केलेल्या ऊर्जेची उष्णता होते. यवतेश्वरचा घाट उतरून आल्यावर नळीला हात लावून पाहा, कोमट लागेल. न लागली तर तेल गेलेलं असण्याची शंका घ्यावी.

स्प्रिंगचं शास्त्र जुनं आहे. जेवढा भार दुप्पट, तेवढा दबही दुप्पट, हा नियम रॉबर्ट हूकने १६७८ साली छापून प्रसिद्ध केला. त्याआधी दोन वर्षं त्याने तो अक्षरांची उलटापालट करून कोड्यात लपवून ठेवला होता. शोध आपला हे सिद्ध करता यावं, पण दुसऱ्याला सुगावा लागू नये म्हणून. पेटंटच्या झंझटीपेक्षा हे बरं.

हूकच्या नियमात न दिसणारी एक गोष्ट मात्र दूधवाल्याला महाग पडली. गुंडाळलेल्या स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. आठ मिलिमीटरच्या तारेऐवजी नऊ मिलिमीटरची तार घेतली, बाकी वेढे आणि घेर तोच ठेवला, तर डोळ्यांना फरक कळतही नाही. पण स्प्रिंग साठ टक्के कडक होते. वेढे कापून स्प्रिंग आखूड केली तरीही ती कडकच होते, कारण तेवढाच दब आता कमी वेढ्यांना वाटून घ्यावा लागतो. 'थोडीशी जाड' असं दुकानात म्हणतात ती थोडीशी नसते.

आता तेलाची बाजू. हेलकावा किती लवकर विरतो हे तेलाच्या अडवणुकीवर ठरतं, आणि अडवणूक किती हवी हे स्प्रिंगचा कडकपणा व वरचं वजन यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर. मूळची गाडी एकट्या माणसाला घेऊन जाताना एका पूर्ण हेलकाव्यानंतर साधारण सातवा हिस्सा उरतो असं धरू. चांगल्या शॉकअपचं हे लक्षण. शॉकअप तेच ठेवून स्प्रिंग साठ टक्के कडक केली, तर रिकाम्या गाडीत पाचवा हिस्सा उरतो. मागे किटल्या लटकवून वजन दुप्पट केलं, तर तिसरा हिस्सा. म्हणजे पहिल्या खड्ड्याचा हेलकावा विरायच्या आत दुसरा खड्डा येतो आणि चाक रस्ता सोडतं. मिस्त्रींनी तळव्यांनी मोजलं ते हेच.

किटल्यांचं वजनही एकदा मांडू. दूध पाण्यापेक्षा किंचित जड, म्हणून चाळीस लिटर म्हणजे एक्केचाळीस किलो. दोन किटल्यांचं दूध ब्याऐंशी किलो, भांड्यांचं वजन वेगळं, चालवणारा सत्तर किलोचा. कंपनी अशा गाडीसाठी जे वजन धरते ते चालकासकट बहुधा दीडशे किलोच्या आतबाहेर असतं. दूधवाला ती रेषा रोज पहाटे ओलांडतो आणि नऊ वाजता पुन्हा तिच्या पुष्कळ खाली येतो. एकाच स्प्रिंगने दोन्ही वेळा नीट वागावं ही अपेक्षाच अवघड आहे. १९३९ साली भिलवडीत चितळ्यांचा दुधाचा व्यवसाय सुरू झाला तेव्हापासून कृष्णाकाठच्या दुधाने वाहतुकीची नाना साधनं पाहिली, पण मोटारसायकल ही मुळात दोन माणसांसाठी आखलेली वस्तू, हे काही बदललं नाही.

या अडचणीवर कंपनीने एक सोय दिलेली असते आणि निम्म्या लोकांना ती ठाऊक नसते. शॉकअपच्या बुडाशी स्प्रिंगखाली पायऱ्यांसारख्या खाचा असलेली एक कडी असते. टूलकिटमधला चंद्रकोरीच्या आकाराचा पाना लावून ती फिरवली की स्प्रिंग वरच्या किंवा खालच्या खाचेवर बसते. ज्यांना ती ठाऊक आहे त्यांच्यातही एक गैरसमज पक्का: वरची खाच म्हणजे कडक स्प्रिंग. तसं होत नाही. तार तीच, वेढे तेवढेच, कडकपणा तोच. खाच वाढवल्याने स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते, म्हणून त्याच वजनाला गाडी कमी बसते आणि खड्ड्यासाठी खाली जायला जागा उरते. भरल्या किटल्यांना ही जागा हवीच. पण रिकामं परतताना तीच खाच ठेवली तर शॉकअप पूर्ण लांब होऊन टोकाला आदळतं आणि तो 'टक' आवाज आपण पाठीत मोजतो. येताना वर, जाताना खाली, एवढंच करायचं; पाना हाताशी असेल तर दोन मिनिटांचं काम. करतं मात्र कोणी नाही. मीही वर्षानुवर्षं केलं नाही.

माझी चूक दूधवाल्यापेक्षा मोठी होती. कासच्या वाटेवर दचके फार बसतात म्हणून मी तीच जाड स्प्रिंग हौसेने घातली. दचके वाढले. चार महिन्यांनी मागे खडखड सुरू झाली, उघडून पाहिलं तर मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा बुश खाल्लेला आणि शॉकअपच्या वरच्या डोळ्यातलं रबर फुटून बाहेर आलेलं. स्प्रिंग नव्यासारखी चकाकत होती. दणका स्प्रिंगने घेतला नाही तर तो पुढे सरकतो: रबराकडे, बुशकडे, नाहीतर फ्रेमच्या वेल्डिंगकडे.

चाकाबरोबर जे जे उड्या मारतं त्याचं वजन जितकं जास्त तितकं शॉकअपचं काम अवघड, हे सातारकरांना वेगळं सांगायला नको होतं. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्याच्या कारखान्यातून 'प्रिया' स्कूटर बाहेर पडायची. त्या घडणीच्या स्कूटरचं इंजिनच मागच्या चाकाचा दांडा असतं. चाक वर गेलं की इंजिनही वर जातं. ते एवढं जड ओझं सावरायला मागे एकच शॉकअप. ज्यांनी ती स्कूटर घाटात चालवली त्यांना मागच्या सीटवरच्या माणसाची भाषा आठवत असेल.

तुटण्याची गोष्ट मात्र दुचाकीपेक्षा ट्रकच्या पाट्यात जास्त स्पष्ट दिसते. ऊसतोडीचा हंगाम आला की कराड, पलूस, तासगाव या पट्ट्यात पाटेवाल्यांकडे गाड्या लागतात आणि 'एक पाटा चढवून द्या' ही मागणी असते. पाट्यांची संख्या वाढवली तर कडकपणा त्या प्रमाणात वाढतो; पाट्याची जाडी वाढवली तर तिसऱ्या घाताने. मी तिथल्या ढिगातून एक तुटका पाटा उचलून उन्हात धरला होता. सेंटर बोल्टच्या भोकापाशी मोडलेला. मोडल्या जागेचा एक कोपरा गुळगुळीत, काळपट, त्यावर शिंपल्यावर असतात तशा एकात एक कमानी. उरलेला भाग खरखरीत, दाणेदार आणि नवा. पाटेवाला म्हणाला, काल मोडला. पाटा सांगत होता की मोडायला कधीच सुरुवात झाली होती. काळ्या भागात भेग रोज थोडी थोडी पुढे सरकत होती आणि काल फक्त उरलेलं पोलाद एकदम फाटलं. यू-बोल्ट ढिला असेल तर पाटा नेमका त्या भोकाशी वाकतो आणि भेगेला तिथूनच तोंड फुटतं. नव्या पाट्याच्या किमतीपुढे यू-बोल्ट आवळण्याचा खर्च कितीसा.

याला धातूची थकवण म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात प्रशियातल्या रेल्वेचे इंजिनिअर ऑगस्ट व्होलर यांनी डब्यांचे आस फिरवून फिरवून तिचा हिशेब मांडला. एका झटक्यात जे पोलाद मोडत नाही ते त्याहून पुष्कळ कमी भाराने, पण लाखो वेळा वाकवलं तर मोडतं. आणि भार एका मर्यादेखाली ठेवला तर बहुधा मोडतच नाही. आपल्या दूधवाल्याचे हेलकावे मोजू. रोज चाळीस किलोमीटर, ताशी छत्तीसचा वेग, म्हणजे चार हजार सेकंद. सेकंदाला दीड हेलकावा धरला तर दिवसाला सहा हजार, वर्षाला सुमारे बावीस लाख, पाच वर्षांत एक कोटीच्या वर. पोलादाची थकवण तपासायला प्रयोगशाळेत एवढ्याच आवर्तनांची परीक्षा घेतात.

चांगल्या स्प्रिंगा ही परीक्षा पास होतात, कारण तयार झाल्यावर त्यांच्यावर पोलादी छर्‍यांचा मारा करतात. त्याने पृष्ठभाग आतून दाबलेल्या अवस्थेत राहतो आणि भेगेला तोंड उघडायला जागा मिळत नाही. स्प्रिंग गॅस कटरने तापवून बसवली किंवा तुटलेला पाटा वेल्डिंगने जोडला, की पोलादाचं पाणी उतरतं आणि हा सगळा बंदोबस्त फुकट जातो. असा जोडलेला पाटा साखर कारखान्याच्या काट्यापर्यंत गेला तर नशीब म्हणायचं.

गंजाने तर व्होलरची सुरक्षित मर्यादाच पुसली जाते. आपल्याकडे हे जिल्ह्याच्या नकाशावर वाचता येतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तिथून सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटरवर माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. पश्चिमेकडे स्प्रिंगचा रंग उडाला की त्या ठिपक्यात गंज धरतो आणि भेग तिथून निघते. पूर्वेकडे माण, आटपाडी, जत भागात स्प्रिंग धडधाकट राहते. तिथे धूळ मारते. सीलमधून तेलाचा पातळ थर दांड्यावर आला की मुरमाची धूळ त्यावर बसते, त्याचा घासणारा लेप होतो, आणि प्रत्येक दाबाबरोबर तो सीलखाली ओढला जातो. आधी सील, मग दांड्यावरचा क्रोम, मग तेल. कृष्णाकाठच्या काळ्या मातीचा चिखल तिसऱ्याच प्रकारे त्रास देतो: स्प्रिंगच्या खालच्या बैठकीत साचून तो दिवसेंदिवस ओल धरून ठेवतो.

यात आपण स्वतः भर घालतो. नियमाचा गतिरोधक दहा सेंटीमीटर उंच आणि तीन मीटर सत्तर सेंटीमीटर रुंद असतो, ताशी पंचवीसने हळुवार चढून उतरण्यासारखा. गावोगावच्या स्वयंभू गतिरोधकांची उंची तीच किंवा जास्त, रुंदी मात्र हातभर. भरल्या किटल्यांची गाडी त्यावरून जाताना शॉकअप बुडाला टेकतं आणि तेवढ्या क्षणापुरती गाडीला स्प्रिंगच नसते.

स्प्रिंग आणि तेलाचा हा हिशेब फक्त आपल्या रस्त्यांपुरता नाही. मिलिटरी अपशिंग्यासारख्या आपल्या गावांतल्या ज्या जवानांनी सियाचिनमध्ये दिवस काढले, त्यांनी बर्फावर धावणाऱ्या स्नो स्कूटर पाहिल्या असतील. त्यांच्या पट्ट्याच्या आत अशाच स्प्रिंगा आणि तेलाच्या नळ्या असतात, आणि परदेशात हौशी लोक बाजारातले महागडे भाग घालून त्या बदलतात. तिथेही स्प्रिंग निवडताना पहिला प्रश्न चालवणाऱ्याच्या आणि सामानाच्या वजनाचा असतो, आणि स्प्रिंग बदलली की तेलाची अडवणूकही जुळवून घ्यावी लागते.

परळीच्या दूधवाल्याला मिस्त्रींनी शेवटी जाड स्प्रिंग काढायला लावली नाही. तिला शोभतील अशी दोन नवी शॉकअप घातली, दोन्ही बाजूंना एकाच वेळी, कारण एक नवं आणि एक जुनं असलं की चिमटा पिळला जातो. आकडे कापून किटल्या चार बोटं पुढे, चाकाच्या एक्सलवर आणल्या. मागे लोंबत होत्या तेव्हा चढाला पुढचं चाक हलकं व्हायचं. चंद्रकोरीचा पाना सुतळीने कॅरिअरलाच बांधून दिला. आणि फ्रेमवर पांढऱ्या पेंटने त्या दिवसाचं किलोमीटर लिहिलं.

तुमची गाडी मागे ओझं वाहत असेल तर उद्या निघण्याआधी सीटवर दोन्ही तळवे टेकवून एकदा दाबून सोडा. एकदा खाली जाऊन थांबली तर निघा. दुसऱ्यांदा उसळली तर नळीवर बोट फिरवा, आणि बोटाला तेल लागलं तर नवी स्प्रिंग घ्यायला जाऊ नका, शॉकअप बदला.