क्षिप्रेतील जलपर्णी : उपटून संपत नाही, ती का?

उज्जैन येथे 2028 मध्ये सिंहस्थ भरणार आहे. बारा वर्षांनी येणाऱ्या या पर्वात लाखो भाविक क्षिप्रेच्या रामघाटावर स्नानासाठी उतरतात. नदी स्वच्छ असावी, ही अपेक्षा तेव्हा श्रद्धेइतकीच आरोग्याचीही असते. या नदीच्या वाटेत सांडपाण्याइतकाच चिवट आणखी एक अडथळा आहे. तो म्हणजे जलपर्णी. माळव्यात तिला जलकुंभी म्हणतात. जांभळट फुलांची, हिरव्यागार फुगीर देठांची ही वनस्पती दिसायला देखणी असली, तरी जगातील सर्वाधिक उपद्रवी पाणवनस्पतींमध्ये तिची गणना होते.

जलपर्णी मूळची भारतातील नाही. तिचे माहेर दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनचे खोरे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेची वनस्पती म्हणून ती बंगालमध्ये आली आणि काही दशकांतच तेथील नद्या, खाड्या व भातखाचरे तिने व्यापून टाकली. नावांची वाहतूक आणि शेती इतकी अडचणीत आली की, तिच्या निर्मूलनासाठी 1936 मध्ये बंगालमध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.

हौसेपोटी आणलेला जीव हाताबाहेर जाण्याची ही एकमेव कथा नव्हे. हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या प्रवाळांत नांदणारा लायनफिश हा विषारी काट्यांचा मासा शोभेच्या टाक्यांसाठी अमेरिकेत नेण्यात आला. 1985 मध्ये तो प्रथम फ्लोरिडाच्या समुद्रात आढळला आणि पुढे कॅरिबियन प्रवाळांवर सर्वत्र पसरला. बहामा बेटांजवळील एका प्रयोगात, लायनफिश असलेल्या प्रवाळखंडांवर नव्याने येणाऱ्या लहान माशांची भर पाच आठवड्यांत सुमारे 79 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. आपल्या बाजूच्या समुद्रात हाच मासा निसर्गाच्या समतोलाचा एक घटक आहे. दोष जिवाचा नसतो. ज्या शत्रूंनी व स्पर्धकांनी त्याला मर्यादेत ठेवले होते, ते नव्या ठिकाणी नसतात, ही खरी अडचण असते.

क्षिप्रा तिला का मानवते?

जलपर्णीला तीन गोष्टी हव्या असतात : ऊन, संथ पाणी आणि नत्र-स्फुरदाचा मुबलक पुरवठा. क्षिप्रेत या तिन्ही गोष्टी मिळतात. पावसाळा सरला की या नदीचा नैसर्गिक प्रवाह क्षीण होतो. पाणी टिकावे म्हणून ठिकठिकाणी बंधारे घातलेले असल्याने ते एकाच जागी साचून राहते. इंदूरहून येणारी कान्ह नदी शहरी सांडपाणी घेऊन उज्जैनजवळ त्रिवेणी येथे क्षिप्रेला मिळते. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद हे जलपर्णीसाठी आयते खत ठरते. 2014 मध्ये नर्मदेचे पाणी उपसून क्षिप्रेत सोडण्याची योजना कार्यान्वित झाली आणि 2016 च्या सिंहस्थाला तिचा मोठा आधार मिळाला. मात्र बाहेरून आणलेले पाणी मळ विरळ करते, नाहीसा करत नाही.

महाकालेश्वर मंदिरालगतच्या रुद्रसागर तलावाचे दुखणेही असेच होते. अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी (सुखटणकर) यांनी या मंदिराचा जीर्णोद्धार केला. सावंतवाडीजवळच्या आरवलीचे हे गृहस्थ. त्यामुळे गोवा आणि कोकणातील वाचकांना उज्जैन तसे परके नाही. त्याच परिसरात 2022 मध्ये ‘महाकाल लोक’ साकारताना रुद्रसागरात येणारे सांडपाणी वळवणे आणि वनस्पती काढणे ही दोन्ही कामे करावी लागली. यांतील पहिले काम वगळून केवळ दुसरे केले असते, तर तलाव पुन्हा झाकोळला असता.

हिशेब दुपटीचा

अनुकूल हवामानात जलपर्णीचा विस्तार एक ते दोन आठवड्यांत दुप्पट होतो. समजा, नदीचा एक पट्टा स्वच्छ केला आणि काठाच्या कोपऱ्यांत केवळ एक टक्का जलपर्णी उरली. दोन आठवड्यांची दुपट धरली, तरी सात दुपटींत, म्हणजे सुमारे साडेतीन महिन्यांत, तो पट्टा पुन्हा भरून जातो. शिवाय तळाच्या गाळातील बिया 15 ते 20 वर्षे रुजण्याची क्षमता टिकवून ठेवू शकतात. पर्वणीपूर्वी हाती घेतलेली एकच मोहीम पुढच्या हंगामात निष्फळ का ठरते, याचे उत्तर या हिशेबात आहे.

पृष्ठभाग झाकला गेला की पाण्यात प्रकाश शिरत नाही. शेवाळ आणि पाण्याखालील वनस्पती मरतात, विरघळलेला प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात. मुळांच्या जाळ्यात डासांना आसरा मिळतो. पानांवाटे होणारे बाष्पीभवन उघड्या पाण्यापेक्षा अधिक असल्याने उन्हाळ्यात आधीच अपुरे असलेले पाणी आणखी आटते.

उपाय कोणते?

हाताने किंवा यंत्राने जलपर्णी काढणे हा तातडीचा उपाय आहे. मात्र काढलेला ढीग काठावरच कुजू दिला, तर त्यातील पोषकद्रव्ये पावसाबरोबर नदीत परततात. या वनस्पतीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असल्याने वाहतुकीचा खर्चही मोठा असतो. तणनाशकांनी ती लवकर मरते. पण मेलेला लगदा पाण्यात कुजताना प्राणवायू शोषतो. जेथे लोक स्नान करतात व तीर्थ म्हणून पाणी प्राशन करतात, तेथे हा मार्ग मुळातच अयोग्य आहे.

तिसरा मार्ग जैविक नियंत्रणाचा. जलपर्णीच्याच मूळ प्रदेशातील निओकेटिना जातीचे भुंगे 1980 च्या दशकात भारतात आणले गेले आणि बंगळूर परिसरातील तलावांत त्यांचा परिणाम दिसून आला. प्रौढ भुंगा पाने कुरतडतो, तर अळी देठ पोखरते. हा भुंगा जलपर्णीवरच जगत असल्याने पिकांना धोका नसतो. मध्य प्रदेशातच, जबलपूर येथे, तणांवर संशोधन करणारी भारतीय कृषी संशोधन परिषदेची संस्था आहे. बैतूल जिल्ह्यातील सारणीच्या सातपुडा जलाशयात साल्विनिया या दुसऱ्या परदेशी पाणतणावर तिने भुंग्यांचा यशस्वी प्रयोग केला आहे. मात्र भुंग्यांना काही वर्षांचा अवधी द्यावा लागतो. दरवर्षी यंत्राने सर्व जलपर्णी उपसली, तर तिच्याबरोबर भुंगेही बाहेर जातात. म्हणून घाटांजवळ यंत्र आणि वरच्या अंगाला, वर्दळीपासून दूर, भुंगे अशी विभागणी अधिक व्यवहार्य ठरते.

गोव्यासाठी धडा

मडगाव-नावेली परिसरातील साळ नदीतही सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी दिसते. गोव्याला एक नैसर्गिक संरक्षण आहे. भरतीचे खारे पाणी जलपर्णीला सोसत नाही, त्यामुळे नदीमुखाकडे तिचा फैलाव आपोआप थांबतो. क्षिप्रा चंबळ, यमुना आणि गंगेमार्गे समुद्राला मिळते. तिला ही सोय नाही. परंतु साळ नदीच्या गोड्या पाण्याच्या वरच्या भागात नियम तोच लागू होतो : नाले नदीत येत राहतील, तोवर वनस्पतीही येत राहील.

जलपर्णी किती टन काढली, हा आकडा जाहीर करणे सोपे असते. नदीत रोज किती सांडपाणी प्रक्रियेविना मिसळते, हा आकडा त्याहून महत्त्वाचा आहे. उज्जैनमध्ये सिंहस्थाच्या तयारीचे आणि गोव्यात साळ नदीच्या शुद्धीकरणाचे मोजमाप याच आकड्यावर व्हायला हवे.