सुईला पर्याय शोधताना

लिव्हर सिऱ्होसिसमध्ये पोटात पाणी होतं आणि पुढे कधीतरी त्या पाण्यात संसर्ग होतो. आतड्याला कुठे भोक पडलेलं नसतं, पू नसतो. आतड्यातले जंतू गुपचूप भिंत ओलांडून पाण्यात उतरतात. अमेरिकेतल्या हॅरल्ड कॉन यांनी १९६४ साली या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा त्यातून वाचणारे फार थोडे होते. लक्षणंही फसवी. ताप येईलच असं नाही, पोट दुखेलच असं नाही. कधी रुग्ण नुसता असंबद्ध बोलू लागतो, तर कधी फक्त लघवी कमी होते. म्हणून रक्तात एखादी खात्रीची खूण मिळावी, ही डॉक्टरांची जुनी इच्छा.

सर्वांत जुनी खूण सीआरपी, म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांनी १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ती हेरली. शरीरात कुठेही दाह झाला की ती वाढते. मेख एवढीच की ती बनते यकृतात. म्हणजे ज्याच्या घराची झडती घ्यायची, पंच म्हणून त्यालाच बोलवायचं! थकलेलं यकृत संसर्गातही सीआरपी पुरेशी वाढवू शकत नाही. उलट संसर्ग नसतानाही सिऱ्होसिसच्या रुग्णात ती थोडी चढलेली आढळते. १९९३ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी प्रोकॅल्सिटोनिन पुढे आणलं. जिवाणूंच्या गंभीर संसर्गात ते काही तासांत वाढतं, पण किडनी बिघडली की संसर्गाशिवायही वाढतं. आणि या रुग्णांची किडनी तर वारंवार बिघडते.

त्यामुळे निर्णय पोटातून सुईने काढलेल्या पाण्यावरच राहिला : एका घनमिलिमीटरमध्ये २५० किंवा अधिक न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशी) सापडले की औषध सुरू, कल्चरची वाट पाहायची नाही. लघवी तपासायच्या पट्ट्या पाण्यात बुडवून झटपट निदान करण्याचाही प्रयत्न झाला. फ्रान्समधल्या मोठ्या अभ्यासात त्या पट्ट्यांनी निम्म्याहून अधिक संसर्ग हुकवले, आणि तो विषय जवळपास तिथेच मिटला. आपल्याकडे ‘पाणी एकदा काढलं की सारखं काढावं लागतं’ ही समजूत अजून घट्ट आहे. ती चुकीची आहे. पाणी पुन्हा भरतं ते आजारामुळे, सुईमुळे नाही. तपासणीसाठी पाणी काढायला बारा तासांहून उशीर झाला तर मृत्यूचं प्रमाण वाढतं, असं २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं होतं.

एवढं असूनही दाहाच्या खुणांचा शोध वाया गेला, असं मला वाटत नाही. खरी कलाटणी बार्सिलोनात मिळाली. अँटिबायोटिकने जंतू मरत होते, तरी रुग्ण किडनी बंद पडून दगावत होते. १९९८ मध्ये तिथल्या नवासा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्यांच्या रक्तात आणि पाण्यात इंटरल्यूकिन-६ सारखी दाहक द्रव्यं जास्त, त्यांचीच किडनी जास्त बिघडते. पुढच्याच वर्षी १२६ रुग्णांवरच्या चाचणीत अँटिबायोटिकला अल्ब्युमिन या प्रथिनाची जोड दिली गेली. किडनी बिघडण्याचं प्रमाण ३३ टक्क्यांवरून १० वर आलं आणि रुग्णालयातले मृत्यू २९ टक्क्यांवरून १० वर.

सिऱ्होसिस का बिघडतो, याबद्दल तोवर १९८८ चा सिद्धान्त मान्य होता : रक्तवाहिन्या सैलावतात, शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटात पाणी म्हणजे जलोदर होतो. २०१३ मध्ये युरोपातल्या १३४३ रुग्णांच्या ‘कॅनॉनिक’ अभ्यासात एकामागून एक अवयव निकामी होणाऱ्या रुग्णांमध्ये पांढऱ्या पेशी आणि सीआरपी जास्त आढळल्या, अगदी संसर्ग सापडला नाही अशांतही. २०१५ मध्ये आरोयो, बेर्नार्दी, मोरो आदी संशोधकांनी शरीरभर धुमसणारा दाहच सिऱ्होसिस बिघडवतो, अशी मांडणी केली. निदानाची खूण म्हणून जी कच्ची ठरली, ती सीआरपी अशी कारणांच्या चर्चेत शिरली.

उपचार मात्र त्या वेगाने आले नाहीत. दाह आवरण्याच्या अपेक्षेने ब्रिटनमधल्या रुग्णालयांत दाखल झालेल्या सिऱ्होसिसच्या रुग्णांना सरसकट अल्ब्युमिन देऊन त्याची रक्तातली पातळी वाढवून पाहिली गेली. २०२१ मध्ये निकाल लागला : संसर्ग, किडनीचा बिघाड, मृत्यू, कशातही फायदा दिसला नाही.